तीनशे पोती तांदळाचे काय झाले? – आधुनिक कोरियन साहित्यातील त्यागाविषयी

केतकीबन :

शिम चॉंगची कथा कोरियात लहान मुलांनाही ठाऊक असते. आई बाळंतपणानंतर गेलेली आणि वडील शिम हाक्ग्यू आंधळे. एकदा ते ओढ्यात पडतात, एक भिक्षू त्यांना बाहेर काढतो आणि सांगतो की बुद्धाला तीनशे पोती तांदूळ वाहिले तर दृष्टी परत येईल. घरात मूठभर तांदळाची भ्रांत असताना हा गृहस्थ तिथल्या तिथे तीनशे पोत्यांचा शब्द देऊन मोकळा होतो. तो शब्द पाळण्याची वेळ अर्थातच मुलीवर येते. समुद्र शांत व्हावा म्हणून बळी देण्यासाठी मुलगी विकत घ्यायला निघालेल्या खलाशांना ती स्वतःला विकते आणि इनदांगसूच्या खवळलेल्या पाण्यात उडी घेते. पुढे समुद्रराजाच्या कृपेने ती कमळातून परत येते, सम्राज्ञी होते, देशभरातील अंधांना मेजवानीला बोलावते, आणि मुलगी जिवंत असल्याचे कळताच वडिलांचे डोळे उघडतात. एक गायक आणि एक वादक एवढ्यांवर तासन्‌तास चालणाऱ्या पान्सोरी या गायनप्रकारातील जी पाच आख्याने आज टिकून आहेत, त्यांत हे एक आहे.

या कथेतला एक तपशील डोळ्यांत अश्रू असताना सहज निसटतो. तांदूळ मंदिरात पोहोचतात, तरी म्हाताऱ्याची दृष्टी येत नाही. खलाशांनी त्याच्या गुजराणीसाठी मागे ठेवलेली पुंजीही ब्बेंगडॉक नावाची बाई खाण्यापिण्यात उडवून टाकते. म्हणजे सौदा झाला, किंमत चुकती झाली, माल मात्र मिळालाच नाही. लोककथेने ही विसंगती शेवटच्या मेजवानीच्या थाटात झाकून टाकली. माझे म्हणणे असे आहे की आधुनिक कोरियन साहित्याने ते झाकण उचलले. त्याग करणारीची थोरवी गाणे त्याने जवळजवळ सोडून दिले आणि त्या त्यागाचा लाभ कोणाच्या पदरात पडला, किंमत कोणी ठरवली, मध्ये दलाली कोणी खाल्ली, याची चौकशी लावली.

ही चौकशी सोपी नव्हती, कारण त्यागाला राजाश्रय होता. राजा सेजोंगच्या काळात, १४३४ साली, आज्ञाधारक पुत्र, निष्ठावंत सेवक आणि पतिव्रता स्त्रिया यांच्या सचित्र कथांचा मोठा संग्रह छापून प्रसृत करण्यात आला. अक्षरओळख नसलेल्यांनाही कळावे म्हणून प्रत्येक कथेला चित्र होते. आईबापांच्या औषधासाठी स्वतःचे बोट कापून देणारा मुलगा हा त्यातला आदर्श. पुढे अशा घराण्यांच्या दारी सन्मानाची कमान उभारली जाई आणि त्यांना वेठबिगारीतून सूट मिळे. त्यागातून कुटुंबाला रोकड फायदा होत असेल, तर त्याग करण्याची पाळी घरातल्या सर्वांत दुबळ्या व्यक्तीवर येणार, हे सांगायला नको.

पहिला सुरुंग १९१७ साली लागला. ई ग्वांगसू यांची ‘मूजॉंग’, म्हणजे ‘निर्दय’, ही पहिली आधुनिक कोरियन कादंबरी मानली जाते. तिच्यातील यॉंगछे तुरुंगातल्या वडिलांना आणि भावांना सोडवण्यासाठी कलावंतिणीचा पेशा पत्करते. ते कळल्यावर वडील तुरुंगातच अन्न सोडून प्राण देतात! इथेही त्यागाचे फळ हाती लागत नाही, आणि इथे तर समुद्रराजाही नाही. अब्रू गेल्यावर ती जीव द्यायला प्योंगयांगच्या गाडीत बसते. खिडकीतून कोळशाचा कण डोळ्यात जातो आणि शेजारची ब्यॉंगुक नावाची, तोक्योत शिकणारी मुलगी तिचा डोळा पुसून देते. मग ती तिला विचारते की तू आजवर वडिलांसाठी जगलीस, आणि लहानपणी मनाने वरलेल्या माणसासाठी जगलीस, पण स्वतःसाठी कधी जगणार? आंधळ्या बापाऐवजी इथे मुलीचाच डोळा स्वच्छ होतो. ग्वांगसू यांनी हे शिम चॉंगला उद्देशून केले की नाही, याचा पुरावा माझ्याकडे नाही, पण मला हा प्रसंग तसाच वाचावासा वाटतो. मौज अशी की कादंबरीच्या शेवटी हीच पात्रे पूरग्रस्तांसाठी गाण्याचा कार्यक्रम करतात आणि राष्ट्रासाठी शिकायला परदेशी जातात. वडिलांच्या नावावरचे खाते बंद झाले आणि राष्ट्राच्या नावावर उघडले.

त्यानंतर शिम चॉंग स्वतः किमान तीनदा पुन्हा लिहिली गेली. छे मानशिक यांच्या १९३६ च्या नाटकात ती खरोखर बुडून मरते. दरबारी मंडळी म्हाताऱ्याच्या समाधानासाठी दुसऱ्याच स्त्रीला मुलगी म्हणून उभी करतात. त्याचे डोळे उघडतात, फसवणूक आणि मृत्यू दोन्ही कळतात, आणि तो स्वतःच्या हाताने ते डोळे फोडून घेतो. छवे इनहून यांच्या १९७० च्या दशकातील नाटकात समुद्राखालचा राजवाडा म्हणजे चीनमधला कुंटणखाना असतो. शेवटी शिम चॉंग म्हातारी आणि आंधळी होऊन गावी परतते आणि पोरांना आपली राजवाड्याची गोष्ट सांगते, तेव्हा पोरे तिला हसतात. ह्वांग सॉकयॉंग यांनी २००३ साली तिला एकोणिसाव्या शतकातील चीन, तैवान, सिंगापूर, र्‍युक्यू आणि नागासाकी अशा बंदरांतून फिरवले आणि तीनशे पोत्यांचा सौदा वसाहतकाळातील देहव्यापाराच्या जाळ्यात नेऊन बसवला.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः युद्धानंतरच्या साहित्याबद्दल ऐकायला आवडेल.

---

सह्यवासी :

लेख उत्तम आहे, पण पुनर्लेखन करणाऱ्या तिन्ही पुरुष लेखकांनी शिम चॉंगकडून एक गोष्ट काढून घेतली, ती म्हणजे तिची इच्छा. मूळ आख्यानाच्या एका प्रसिद्ध पाठात एका मंत्र्याची पत्नी, जांगबाई, तिला दत्तक घ्यायला तयार असते. सौद्याची बातमी कळल्यावर ती तीनशे पोती स्वतः द्यायलाही तयार होते. शिम चॉंग नकार देते. खलाशांना शब्द दिला आहे, तो ऐनवेळी मोडला तर त्यांचे नुकसान होईल, आणि बापासाठी करायचे ते परक्याच्या पैशाने का करावे, असे तिचे म्हणणे असते. ही बाजारात उभी केलेली असहाय पोर नव्हे. जिला पर्याय होता आणि जिने तो नाकारला, तिला नुसती बळी म्हणणे हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. आधुनिकांना बळी कळतो, त्याग कळत नाही, असा माझा उलटा आरोप आहे.

---

केतकीबन :

सह्यवासी, जांगबाईंचा प्रसंग मी मुद्दाम गाळला नव्हता, पण तुम्ही आणलात ते बरे झाले. तरीही मला त्या नकारात स्वातंत्र्यापेक्षा १४३४ च्या चित्रसंग्रहाचा वास अधिक येतो. परक्या स्त्रीकडून तांदूळ घेतले असते तर मुलगी जगली असती, बापाला दृष्टी आली असती (किंवा नसती), पण कथा आदर्श ठरली नसती. पंधरा वर्षांच्या मुलीला मरणाचा पर्याय अधिक सभ्य वाटावा, ही इच्छा तिच्यात कोणी रुजवली, हे विचारण्याचा हक्क लेखकाला आहे. तिन्ही लेखक पुरुष आहेत, हा मुद्दा मात्र मला मान्य आहे आणि तो पुढे उपयोगी पडेल.

---

दुभाषी_रांजणगाव :

पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्यात दुभाष्याचे काम करत असल्याने मूळ भाषेतून वाचण्याचा योग येतो. केतकीबन यांनी हिशेबाची भाषा वापरली आहे, म्हणून दोन कथा सुचवतो. एकीत हिशेब पैशांचा आहे. दुसरीत हिशेब नाकारला आहे, आणि ती मला कितीतरी मोठी वाटते.

पहिली, किम दोंगइन यांची १९२५ ची ‘बटाटे’. बोकन्यो पंधराव्या वर्षी ऐंशी वॉनला, वीस वर्षांनी मोठ्या आळशी विधुराला विकली जाते. नवऱ्याला पोसण्यासाठी ती भीक मागते, मजुरी करते, पुढे शरीर विकते. चिनी शेतमालक वांग याच्याशी तिचे संबंध नवऱ्याला पूर्ण ठाऊक असतात आणि पैसे घरात येतात म्हणून तो खूशही असतो. वांग दुसरी बायको विकत आणतो त्या रात्री ती कोयता घेऊन जाते आणि त्याच कोयत्याने मरते. शेवटच्या काही ओळींत तीन माणसे प्रेताभोवती बसलेली असतात. वांग खिशातून थैली काढतो आणि दहा वॉनच्या तीन नोटा नवऱ्याच्या हातावर, दोन वैद्याच्या हातावर ठेवतो. दुसऱ्या दिवशी मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू, अशी नोंद होऊन प्रेत पुरले जाते. घेताना ऐंशी, मिटवताना पन्नास. दोंगइन यावर एक शब्दही बोलत नाहीत. सह्यवासींचा आरोप या कथेला लागू होत नाही, कारण इथे त्यागाचा दावा कोणीच केलेला नाही. बोकन्यो रोज कोणासाठी तरी झिजते आणि तिला स्वतःलाही त्यात थोर काही वाटत नाही.

दुसरी कथा ई छॉंगजून यांची ‘बर्फातली वाट’, १९७७ ची. निवेदक शहरात राहतो, उन्हाळ्यात बायकोसह गावी म्हाताऱ्या आईकडे येतो आणि दुसऱ्याच दिवशी परत निघण्याचे जाहीर करतो. सरकारी योजनेत गावातली छपरे बदलली जात आहेत आणि आपल्यालाही खोलीची डागडुजी करता आली तर बरे, असे आई आडून सुचवते. तेवढ्याने तो धास्तावतो. मनातल्या मनात तो एकच वाक्य घोकत असतो की या म्हातारीचे माझ्यावर कसलेही ऋण नाही. थोरल्या भावाने दारूत घर बुडवले, आईने मला काही दिले नाही, मीही तिला काही दिले नाही, फिटंफाट. तो तिला आई म्हणतसुद्धा नाही.

मग रात्री तो झोपेचे सोंग घेऊन पडलेला असताना सून सासूकडून जुनी हकीगत काढून घेते. मुलगा शाळकरी असताना घर विकले गेले होते. ते ऐकून तो परगावाहून आला. तेव्हा आईने नव्या मालकाची परवानगी काढून रिकाम्या घरात केर काढला, एक अंथरूण आणि कपड्यांची एक पेटी मुद्दाम तिथे ठेवून दिली, मुलाला गरम जेवण वाढले आणि घर अजून आपलेच आहे अशा थाटात एक रात्र त्याला तिथे झोपवले. पहाटे दोघे बर्फातून गाडीच्या थांब्यापर्यंत चालत गेले आणि मुलगा गेला. इथपर्यंत मुलाला माहीत असते. त्याला माहीत नसते ते पुढचे. ती परतताना बर्फात दोघांच्या पावलांचे ठसे तसेच असतात आणि ती मुलाच्या ठशांवर पाय ठेवत चालत येते. गावाच्या टेकडीपाशी आल्यावर मात्र तिला पुढे जाववत नाही, कारण जायला घर उरलेले नसते आणि सकाळच्या उन्हाला डोळे देण्याचीही लाज वाटते. बायको नवऱ्याला हलवून उठवू पाहते. तो डोळे उघडत नाही, कारण पापण्यांखाली पाणी साचलेले असते.

छॉंगजून त्याला माफी मागायला लावत नाहीत, छप्पर दुरुस्तही होत नाही. देणाऱ्या बाईने कधी मागितले नाही आणि घेणाऱ्याने कबूल केले नाही. मूळ चर्चेतील ‘लाभ कोणाला’ हा प्रश्न इथे सुटतच नाही, असे माझे मत आहे. त्या एका रात्रीने मुलाला काय मिळाले? दिलासा मिळाला असे म्हणावे, तर त्याने जन्मभर त्याचाच राग धरला.

---

उंबरठा :

‘बर्फातली वाट’ सुंदर आहे यात वाद नाही, तरीही ती मुलाची कथा आहे. आईने सोसले आणि त्याचे मोल मुलाच्या पापणीत मोजले गेले. शिन ग्यॉंगसूक यांची २००८ ची ‘आईला सांभाळा’ ही कादंबरी याच कोड्यापाशी येते आणि मला वाटते थोडी पुढे जाते. तिच्या लाखो प्रती खपल्या आणि २०११ चे ‘मॅन आशियाई’ पारितोषिक तिला मिळाले, ते मिळवणारी ही पहिलीच स्त्री. त्यामुळे रडवणारी लोकप्रिय कादंबरी म्हणून पुष्कळ समीक्षक तिच्याकडे नाक मुरडून पाहतात.

सोल स्थानकात भुयारी गाडीत चढताना नेहमीप्रमाणे पुढे चालणारा नवरा आत शिरतो आणि आई फलाटावर राहते. मुले जाहिरातीचा मजकूर लिहायला बसतात, तेव्हा आईची खरी जन्मतारीख आणि कागदोपत्री जन्मतारीख वेगळी असल्याचे निघते आणि छापण्याजोगा अलीकडचा फोटोही नीट सापडत नाही. तिचा वाढदिवस हळूहळू वडिलांच्या वाढदिवसातच उरकला जाऊ लागला होता, आणि ती कल्पनाही तिचीच होती. त्याग म्हणतात तो असा. त्यात समुद्र नाही, उडी नाही, ढोल नाही. लेखिका हे सगळे मुलीला ‘तू’ म्हणून सुनावते, त्यामुळे वाचकाला बाजूला उभे राहता येत नाही.

पण मुलांचा पश्चात्ताप हाही आईकडून घेतलेला आणखी एक घास आहे, हे कादंबरीला कळते की नाही? शेवटी लेक व्हॅटिकनमध्ये मेरीच्या मांडीवरील ख्रिस्ताच्या शिल्पापुढे उभी राहून आईला सांभाळायला सांगते, तिथे मला वाटले की आता हिची देवी केली, संपले. त्याआधीचा भाग मात्र वेगळे सांगतो. तिथे स्वतः आई बोलते. घरात कोणालाही ठाऊक नसलेली एका पुरुषाशी असलेली जुनी मैत्री तिने जन्मभर स्वतःपाशी ठेवलेली असते. तिने सर्वांना सर्व दिले, हा समज इथे मोडतो. एक गोष्ट तिने दिली नव्हती. मग ती आपल्या माहेरच्या घरी, स्वतःच्या आईच्या कुशीत जाते. तिलाही आयुष्यभर आई हवी होती, ही गोष्ट तोवर एकाही पात्राला सुचलेली नसते.

सह्यवासींना स्त्रीच्या इच्छेची काळजी होती, म्हणून हान कांग यांच्या ‘शाकाहारी’मधील थोरल्या बहिणीचेही नाव घेते. सगळे धाकटीबद्दल बोलतात, जी मांस सोडते आणि शेवटी झाड होऊ पाहते. थोरली इनह्ये दुकान चालवते, कलावंत नवऱ्याला पोसते, मूल वाढवते, बहिणीच्या इस्पितळाचा खर्च भरते. तिसऱ्या भागात तिला कळून चुकते की आपण कधी जगलोच नाही, नुसते सोसले. लहानपणी बापाच्या धाकाखाली जी कष्टाळू, गुणी थोरली मुलगी ती होती, तो गुण शहाणपणाचा नव्हता, जीव वाचवण्याची ती एक युक्ती होती, असेही तिला वाटते. कोरियन साहित्यातील त्यागावर यापेक्षा कठोर वाक्य मी वाचलेले नाही, आणि ते त्याग करणारीच्या तोंडून आलेले आहे.

---

जुना_वाचक :

चर्चा घरातच फिरते आहे. सत्तरच्या दशकात शिम चॉंग घरातून कारखान्यात गेली, हे विसरू नये. भावांच्या शिक्षणासाठी खेड्यातून सोलला येऊन शिवणयंत्रावर बसलेल्या हजारो मुलींच्या मजुरीवर तो निर्यातीचा चमत्कार उभा राहिला. चो नामजू यांच्या २०१६ च्या गाजलेल्या कादंबरीत नायिकेची आईही त्याच मुलींपैकी एक असते.

१३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या प्योंगह्वा बाजारात चॉन तेइल या बावीस वर्षांच्या शिंप्याने, कामगार कायद्याचे पुस्तक हातात घेऊन, आम्ही यंत्रे नाही असे ओरडत स्वतःला पेटवून घेतले. लहान मुलींना कोंदट माळ्यांवर राबवले जाते, हे त्याने सरकारी कचेऱ्यांना पत्रे लिहून कळवले होते. कायदा होता, तो कोणी पाळत नव्हते. त्याचे चरित्र वकील चो यॉंगरे यांनी लपून लिहिले, आणि १९८३ मध्ये ते कोरियात निघाले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव छापता आले नाही. ते शोकगीत नाही. त्यात वेतनाचे आकडे, कामाचे तास, खोल्यांची उंची अशी जंत्री आहे, आणि म्हणूनच ते पुढच्या पिढीच्या हातात टिकले. त्याची आई ई सोसॉन मुलाला दिलेल्या शब्दाखातर २०११ मध्ये मरेपर्यंत कामगार चळवळीत राहिली.

याच वातावरणातून चो सेहुई यांचे ‘बुटक्याने उडवलेला छोटा चेंडू’ हे १९७८ चे पुस्तक आले. बाप एकशे सतरा सेंटिमीटर उंच, बत्तीस किलो वजनाचा. झोपडपट्टी पाडण्याची नोटीस येते. नव्या इमारतीतील घराचा हक्क मिळतो, पण पैसे भरण्याची ऐपत नसल्याने तो दलालाला विकावा लागतो. पाडणारी माणसे भिंतीवर घण घालत असताना हे कुटुंब आत बसून शेवटचे जेवण संपवते. घाई नाही, आरडाओरडा नाही. ते पान वाचून मी पुस्तक बाजूला ठेवले होते. मुलगी यॉंगहुई त्या दलालाबरोबर जाते, त्याच्याजवळ राहते आणि एके दिवशी तिजोरीतून आपले कागद काढून घेऊन परत येते. कचेरीत सगळे सोपस्कार पुरे करते, घराचा हक्क परत मिळवते, आणि मग तिला कळते की वीटभट्टीची चिमणी पाडताना बापाचे प्रेत आत सापडले. हीच शिम चॉंग, फक्त इथे मुलगी जिवंत परतते आणि बाप उरत नाही. तांदूळ घरी आले, जेवणारा गेला.

---

सह्यवासी :

जुना_वाचक यांचा प्रतिसाद वाचून माझा आरोप मी थोडा मागे घेतो, पूर्ण नाही. चॉन तेइलच्या कृतीत लाभ कोणाचा, हा प्रश्न गैरलागू आहे. तिथे देणारा आहे, घेणारा नेमका कोणी नाही, आणि तरीही तो व्यर्थ गेला असे कोणी म्हणणार नाही. केतकीबन यांची चौकट घर आणि बाजार यांच्यापुरती चालते. माणूस ज्यांना ओळखतही नाही त्यांच्यासाठी मरतो, तेव्हा ती अपुरी पडते. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्करी राजवटीविरुद्ध उठलेल्या नागरिकांना सैन्याने मारले, त्या ग्वांगजूचे काय करणार?

---

केतकीबन :

ग्वांगजूचीच वाट पाहत होते. हान कांग यांच्या २०१४ च्या कादंबरीत (‘मुलगा येतो आहे’ असा तिच्या मूळ नावाचा अर्थ) सुरुवातीलाच हा प्रश्न एक शाळकरी मुलगा विचारतो. दोंगहो व्यायामशाळेत प्रेतांची नोंद ठेवतो आहे, दुर्गंधी मारण्यासाठी मेणबत्त्या लावतो आहे. सैनिकांनी मारलेल्यांच्या शवपेट्यांवर राष्ट्रध्वज का पांघरतात आणि त्यांच्यासाठी राष्ट्रगीत का गातात, हे त्याला कळत नाही. जणू त्यांना राष्ट्राने मारलेच नव्हते! ग्वांगसू यांनी १९१७ मध्ये राष्ट्राच्या नावावर उघडलेले खाते या मुलाच्या एका प्रश्नाने बंद होते.

त्याच दिवशी आई त्याला घरी न्यायला येते. सहाला दार बंद होणार आहे, बंद झाले की येतो, असे सांगून तो तिला परत पाठवतो, आणि ती संध्याकाळी एकत्र जेवू म्हणून निघून जाते. पुढे एका संपूर्ण प्रकरणात ती आई म्हातारपणी स्वतःशी बोलत राहते, आणि त्यात कुठेही मुलाच्या हौतात्म्याचा अभिमान नाही. त्याला ओढून का नेले नाही, एवढेच आहे. हौतात्म्याचा सोहळा करणाऱ्यांनी तेवढे एक प्रकरण वाचावे.

सह्यवासी, तुमच्या आक्षेपाला या पुस्तकाचे उत्तर असे आहे की ही माणसे बळी होती, असे समजणे हीच चूक होती. बळी व्हायचे नव्हते म्हणूनच, सैन्य शहर परत घ्यायला येणार हे ठाऊक असूनही, ती शेवटच्या रात्री प्रांतिक कचेरीत थांबली. म्हणजे तुम्ही शिम चॉंगसाठी मागत होतात ती इच्छा हान कांग ग्वांगजूच्या पोरांना परत देतात, पण तिला थोरवीचा मुलामा देत नाहीत. डिसेंबर २०२४ मधील नोबेल व्याख्यानात त्यांनी एका तरुण रात्रशाळा शिक्षकाची शेवटची नोंद सांगितली. त्याने देवाला विचारले होते की मला टोचणारी, दुखवणारी ही सदसद्विवेकबुद्धी का दिलीस, मला जगायचे आहे. ‘मला जगायचे आहे’ हे लिहून तो थांबला आणि मारला गेला. शिम चॉंगला हे वाक्य बोलण्याची मुभा कोणत्याही आख्यानकाराने एवढ्या स्पष्टपणे दिली नव्हती.

लाभाचा प्रश्न तरीही मी सोडणार नाही. ‘जिवंत माणसे मृतांना वाचवू शकतात का’ असे विचारत त्या लिहीत होत्या. लिहिता लिहिता प्रश्न उलटा झाला, की मेलेले जिवंतांना वाचवू शकतात का? ग्वांगजूच्या मृतांकडून कोणी तरी काही घेतलेच आहे, आणि ते घेणारे आज वाचणारे आहेत. उंबरठा म्हणतात तसा पश्चात्तापाचा घास हाही असू शकतो. कादंबरीत दोंगहोचा भाऊ लेखिकेला बजावतो की माझ्या भावाचा यापुढे कोणालाही अपमान करता येणार नाही असे लिहा. ती भीती त्यालाही असावी.

---

उंबरठा :

मग किम ह्येसून यांच्या ‘मृत्यूचे आत्मचरित्र’मधल्या कविताही इथेच याव्यात. मृत्यूनंतरच्या एकोणपन्नास दिवसांसाठी एकोणपन्नास कविता, २०१६ सालच्या, आणि त्यांच्यामागे १६ एप्रिल २०१४ ला बुडालेली सेवोल ही बोट आहे. ३०४ माणसे गेली, त्यांत २५० एकाच शाळेतील मुले. जागेवरून हलू नका, अशी घोषणा होत राहिली आणि मुलांनी मोठ्यांचे ऐकले. आज्ञाधारकपणाचे सहाशे वर्षांचे शिक्षण त्या एका घोषणेत होते, असे मला वाटते. त्याच वर्षी बारा लेखकांनी मिळून काढलेल्या लेखसंग्रहाचे नाव ‘आंधळ्यांचा देश’ अशा अर्थाचे होते. समुद्रात बुडालेली मुले आणि काठावरचे आंधळे. ही जुळणी संग्रहाच्या मनात होती की नाही कोण जाणे, वाचणाऱ्या कोरियन माणसाला शिम चॉंग आठवल्याशिवाय राहिली नसेल.

---

दुभाषी_रांजणगाव :

उंबरठा, इथे मी असहमत आहे. ह्येसून यांच्या कविता मोलाच्या आहेत, पण सेवोलला या यादीत घेऊ नये. त्याग म्हणायला देणारा लागतो, बळी म्हणायलाही निदान कोणीतरी समुद्राला काही मागत असावा लागतो. इथे प्रमाणाबाहेर माल भरलेली बोट होती, आणि मुलांना आत बसवून स्वतः आधी उतरलेला कप्तान होता. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याची हत्येबद्दलची जन्मठेप कायम केली. कारखान्यात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी फलकावर ‘बलिदान’ असा शब्द कसा येतो आणि त्यामागे कोणाची जबाबदारी कशी पुसली जाते, हे मी कामाच्या जागी पाहिले आहे. तो शब्द त्या मुलांच्या बाबतीत वापरला, तर ज्यांनी जीवरक्षणाची साधने तपासली नाहीत त्यांची सोय होते.

---

केतकीबन :

पटले. सेवोल यादीतून काढते. ह्येसून यांच्या कवितांवर, कवितांपुरता, वेगळा धागा उंबरठा यांनी काढावा. इथे कोणाला पार्क वानसॉ यांच्या ‘आईचा खुंट’ या कथामालिकेवर लिहायचे असेल तर जरूर लिहावे. मुलीला ‘नवी स्त्री’ करण्यासाठी सोलच्या वेशीबाहेर भाड्याच्या खोलीत शिवणकाम करणारी ती आई अजून कोणी आणलेली नाही, आणि ती मुलीकडून त्याची पुरेपूर वसुली करते.